मीटबॉल आणि भाज्यांचं पोटभर सूप: गोळे फुटू नयेत आणि भाज्यांचा लगदा होऊ नये म्हणून

तुमची तक्रार थोडक्यात अशी: मीटबॉल सूपमध्ये सोडले की फुटतात, फुटले नाहीत तर दगडासारखे घट्ट होतात. बटाटा अजून कच्चा असतो तेव्हा फरसबीचा लगदा झालेला असतो, आणि एवढी खटपट करूनही सूप पाणचट लागतं. हे चार वेगवेगळे प्रश्न वाटतात, पण बहुतेक वेळा कारण एकच असतं. सगळे जिन्नस एकदम एका पातेल्यात जातात आणि पातेलं मोठ्या आचेवर खदखदत राहतं. या सूपमधल्या प्रत्येक जिन्नसाला स्वतःचा वेळ लागतो, आणि मांसाला तर स्वतःची आचही लागते. तेवढं सांभाळलं तर उरलेलं काम सोपं आहे.

आधी गोळे, कारण खरी मेख तिथेच आहे.

खिमा कशाचा घ्यायचा हा तुमच्या आवडीचा भाग. फक्त त्यात चरबी हवी, साधारण 15 ते 20 टक्के. अगदी कोरडा, चरबी काढून टाकलेला खिमा तब्येतीला बरा म्हणून लोक घेतात आणि मग गोळे चिवट झाले म्हणून हळहळतात. चिकनचा करायचा असेल तर छातीचं मांस घेऊ नका, मांडीचं घ्या. ते छातीच्या मांसासारखं लगेच कोरडं पडत नाही. खिमा जाडसर, एकदाच दळलेला असावा. दोनतीनदा दळून पेस्ट झालेल्या खिम्याचे गोळे रबरासारखे उसळतात. काहींना तसेच आवडतात, पण मग मऊ गोळ्याची अपेक्षा सोडावी लागते.

पाच-सहा जणांचं जेवण होईल इतक्या सूपसाठी अर्धा किलो खिमा पुरतो. त्याला ब्रेडचे दोन स्लाइस, म्हणजे कडा काढून साधारण 50 ग्रॅम, आणि पाच मोठे चमचे दूध. ब्रेड कुस्करून दुधात दहा मिनिटं भिजवा आणि काट्याने ढवळून त्याचा एकजीव लगदा करा. हा लगदा म्हणजे खिमा वाढवण्यासाठी घातलेली भर नव्हे. मांस तापलं की त्यातली प्रथिनं आक्रसतात आणि आतलं पाणी बाहेर पिळून काढतात. ब्रेडमधला स्टार्च ओलावा धरून ठेवतो आणि प्रथिनांच्या मध्ये बसून त्यांना एकमेकांना घट्ट आवळू देत नाही. मऊ गोळा आणि दगड यांतला फरक बहुतांशी या लगद्याचा असतो. कोरडा ब्रेडचुरा थेट खिम्यात टाकला तर उलटं होतं, तो मांसातलाच ओलावा शोषून घेतो. दूध नको असेल तर स्टॉक, म्हणजे हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी, किंवा साधं पाणीही चालतं. ब्रेड नको असेल तर मऊ शिजवून ठेचलेला भात किंवा भिजवलेले ओट्स घ्या.

आता या लगद्यातच एक अंडं फोडा. तीन पाकळ्या लसूण किसून, मिरपूड, बारीक चिरलेली पार्सली किंवा कोथिंबीर, हवं तर थोडं किसलेलं जायफळ आणि सव्वा छोटा चमचा बारीक मीठ, म्हणजे 7 ते 8 ग्रॅम, हे सगळं त्यात नीट मिसळून घ्या. खिमा सर्वात शेवटी. मसाले खिम्यावर भुरभुरवून मग कालवत बसलं की ते सगळीकडे सारखे लागेपर्यंत खिमा गरजेपेक्षा जास्त मळला जातो.

मीठ इथे फक्त चवीसाठी नाही. मीठ मांसातली काही प्रथिनं विरघळवतं, ती चिकट होतात आणि शिजताना गोळा बांधून ठेवतात. म्हणून मीठ कमी पडलेला आणि नुसता हलक्या हाताने एकत्र केलेला खिमा सूपमध्ये सुटतो, तर भरपूर मीठ घालून कणकेसारखा तिंबलेला खिमा रबर होतो. आपल्याला मधली जागा हवी. बोटं पसरून एखादं मिनिट कालवा. मिश्रण वाडग्याला किंचित चिकटायला लागलं आणि पांढरे ठिपके दिसेनासे झाले की थांबा. सगळे जिन्नस थंडगार हवेत. हाताच्या उबेने चरबी वितळली की मिश्रण तुपकट होतं आणि पकड सुटते.

कांदा घालायचा असेल तर दोनच रस्ते आहेत: अगदी बारीक चिरून, परतून, थंड करून घाला, किंवा किसून घट्ट पिळून घाला. गोळ्यातले कच्च्या कांद्याचे जाड तुकडे हे गोळे फुटण्याचं सर्वात दुर्लक्षित कारण आहे. तुकड्याभोवती पाणी सुटतं आणि नेमकी तिथेच भेग पडते.

मिश्रण झालं की लिंबाएवढा नाही, सुपारीएवढा तुकडा घेऊन चपटा करा, तव्यावर पूर्ण शिजवा आणि चाखा. कच्चं मिश्रण चाखायचं नाही, आणि सगळे गोळे सूपमध्ये गेल्यावर त्यांचं मीठ दुरुस्त करता येत नाही. हे दोन मिनिटांचं काम मी कधीच टाळत नाही. मीठ, मसाला, घट्टपणा, सगळं या एका घासात कळतं. तुकडा तव्यावरच तुटत असेल तर मिश्रण अजून अर्धा मिनिट कालवा. खूप सैल वाटत असेल तर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, ब्रेड उरलेलं पाणी शोषून घेतो. अंडं चालत नसेल तर ते वगळा आणि थोडं जास्त कालवा. मीठ आणि ब्रेड यांच्या जोरावर गोळा टिकतो.

आकार चमच्यात एका वेळी मावेल असा ठेवा. 20 ग्रॅमचा एक, व्यास तीन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे या मिश्रणाचे साधारण 35 गोळे होतात. चमच्याने कापून खावे लागणारे मोठे गोळे ताटात छान दिसतात, सूपमध्ये नाही. ते आतून शिजेपर्यंत बाहेरून कोरडे पडतात. हात ओले करा, गोळा तळहातावर हलक्या हाताने फिरवा, दाबून घट्ट करू नका. झाले की ताटात पसरून फ्रीजमध्ये ठेवून द्या.

मग प्रश्न येतो की गोळे आधी तळायचे की कच्चेच सोडायचे. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, फक्त सूप वेगवेगळं होतं. कच्चे सोडले की गोळे अतिशय मऊ राहतात आणि त्यांचा रस सूपमध्ये उतरतो. पातळ, स्वच्छ, हिरव्या भाज्यांच्या सूपला तेच शोभतं. तुम्हाला टोमॅटो आणि बटाटा घातलेलं दाट, पोटभर सूप हवं आहे, म्हणून मी आधी तांबूस भाजून घ्यायला सांगेन. जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल चांगलं तापवा, गोळे एकमेकांना न चिकटता मावतील तेवढेच घाला आणि दोन बाजूंनी खरपूस होऊ द्या. गर्दी केली की पाणी सुटतं, गोळे वाफेवर शिजतात आणि राखाडी होतात. बाहेरून रंग आला की काढा. आतून कच्चे राहिले तरी चालतील, पुढे सूपमध्ये शिजणारच आहेत. आतपर्यंत तळून काढलेले गोळे पुन्हा सूपमध्ये उकळायचे म्हणजे दोनदा शिजवणं झालं, आणि ते घट्ट होण्याचं हे दुसरं मोठं कारण. फक्त हे अर्धवट भाजलेले गोळे उद्यासाठी म्हणून ठेवू नका, त्यात जंतू वाढायला वाव मिळतो. भाजले की तासाभरात सूपमध्ये जाऊन पूर्ण शिजले पाहिजेत.

गोळे काढल्यावर पातेल्याच्या तळाशी जी तांबूस खरवड चिकटलेली असते, ती सूपचा अर्धा जीव आहे. पातेलं धुवायला टाकू नका. चरबी फार सुटली असेल तर दोन-तीन चमचे ठेवून बाकीची काढा. तळ काळा पडून कडू वास येत असेल तर मात्र ते पातेलं बाजूला करा, तो कडवटपणा कशानेच झाकला जात नाही.

त्याच पातेल्यात एक मोठा कांदा, दोन गाजरं आणि सेलरीचे दोन दांडे, सगळं बारीक चौकोनी चिरून, चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर परता. सेलरी न मिळाल्यास गाजर वाढवा. याला दहा-बारा मिनिटं द्यायची. सूप पाणचट लागण्याचं मूळ बहुतेकदा इथे असतं. कांदा दोन मिनिटांत पारदर्शक झाला म्हणून लोक पाणी ओततात, पण भाज्यांमधलं पाणी उडून गोडवा यायला वेळ लागतो. त्यांचा आकार कमी होईपर्यंत आणि कच्चा वास जाईपर्यंत थांबा. मग चिरलेल्या लसणाच्या चार पाकळ्या, मिनिटभराने दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट. पेस्ट तेलात परतत राहा, लालभडक रंग विटकरी होईपर्यंत. नंतर थोडा स्टॉक घालून लाकडी उलथन्याने तळाची खरवड सोडवून घ्या.

आता पावणेदोन लिटर स्टॉक. हाडांचा घरचा असेल तर उत्तमच. चिकनची हाडं दोन-तीन तास मंद उकळली किंवा प्रेशर कुकरमध्ये पाऊण तास शिजवली की त्यातलं कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन जिलेटिनमध्ये बदलतं, आणि तोंडात जो भरीव, किंचित चिकटसर दाटपणा जाणवतो तो त्याचाच असतो. फ्रीजमध्ये थरथरीत गोठणारा स्टॉक चांगला समजावा. पण स्टॉक नाही म्हणून सूप टाळायचं कारण नाही. साधं पाणी घ्या, त्यात मूठभर सुके मशरूम भिजवून त्यांच्या पाण्यासकट घाला किंवा एक मोठा चमचा सोया सॉस घाला. जुन्या, कडक चीजची उरलेली साल असेल तर तीही टाका, ती वाढण्याआधी काढून घ्यायची. टोमॅटो, मशरूम, सोया आणि मुरलेलं चीज या सगळ्यांत ग्लुटामेट हा चव खुलवणारा घटक भरपूर असतो, आणि मांसातल्या चवीच्या घटकांशी त्याची गाठ पडली की दोघांचीही चव वाढते. बाजारी स्टॉक क्यूब वापरणार असाल तर वेगळं मीठ आत्ता अजिबात घालू नका.

भाज्यांचा क्रम. स्टॉकबरोबर पहिल्यांदा बटाटा जातो: 300 ग्रॅम, दीड सेंटिमीटरचे तुकडे, सोबत एक तमालपत्र आणि थोडं थाइम किंवा ओरेगॅनो. टोमॅटो मात्र अजून नाही! आंबटपणामुळे भाज्यांच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन सहजी सुटत नाही, त्यामुळे टोमॅटोच्या रसात पडलेला बटाटा अर्धा तास उकळूनही मधे टणक लागू शकतो. तुमचा बटाटा कच्चा राहतो त्यामागे हेच असावं. मघाशी परतलेल्या दोन चमचे पेस्टने एवढ्या स्टॉकमध्ये फारसा फरक पडत नाही. बटाट्याला दहा मिनिटं द्या, सुरी जवळजवळ आत जाऊ लागली की 400 ग्रॅम टोमॅटो, सोलून चिरलेले किंवा डब्यातले, आणि जाडसर चिरलेला कोबी घाला. आणखी दहा मिनिटं.

राजमा किंवा पांढरे बीन्स हवे असतील तर तेही टोमॅटोच्या वेळीच, पण आधीच पूर्ण शिजलेले. कच्चा राजमा भिजवून थेट सूपमध्ये टाकून मंद आचेवर ठेवणं हा प्रकार धोक्याचा आहे. त्यात एक विषारी प्रथिन असतं आणि ते नष्ट व्हायला खळखळून उकळावंच लागतं. भिजवलेलं पाणी फेकून, ताज्या पाण्यात किमान अर्धा तास उकळून, मऊ करून मग वापरा.

आता गोळे. या घटकेला सूपला हलकी उकळी हवी. कोमट सूपमध्ये सोडलेल्या कच्च्या गोळ्याचा पृष्ठभाग लवकर घट्ट होत नाही आणि तो विरघळायला लागतो. खळखळत्या सूपमध्ये सोडला तर उकळीच्या माराने फुटतो. म्हणून हलकी उकळी आल्यावर गोळे एकेक करून अलगद सोडा, ताटात सुटलेला रसही ओता. गोळ्यांमुळे उकळी बसेल, ती परत येईल इतपतच आच वाढवा, आणि मग कमी करा. पहिली तीन मिनिटं चमचा घालू नका. फारच वाटलं तर पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवा. त्यानंतर सूप असं ठेवायचं की कडेकडेने अधूनमधून एखादा बुडबुडा फुटेल, पृष्ठभाग थरथरेल पण उसळणार नाही. थर्मामीटर असेल तर 85 ते 95 अंश सेल्सिअस. जोरात उकळलं की वर आलेली चरबी ढवळून सूपमध्येच मिसळते, सूप गढूळ आणि तेलकट लागतं, आणि मांस आक्रसतं ते वेगळंच. वर राखाडी फेस आला तर झाऱ्याने काढा.

भाजलेल्या गोळ्यांना इथे आठ ते दहा मिनिटं पुरतात, कच्च्यांना दहा ते बारा. शिजले की नाही हे रंगावरून ठरवू नका. खिमा पुरता शिजूनही कधी गुलाबीसर राहतो, आणि कधी आधीच तपकिरी दिसतो. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर सर्वात मोठ्या गोळ्याच्या मध्यभागी खुपसा. बीफ, डुक्कर किंवा मटणाला 71 अंश, चिकन किंवा टर्कीला 74. या आकड्यांच्या पुढे फार जाऊ न देणं हीच मऊपणाची गुरुकिल्ली, म्हणून थर्मामीटरवरचा खर्च मला कधीच फुकट वाटत नाही.

हिरव्या भाज्या गोळ्यांच्या वेळेत बसवायच्या. फरसबी गोळ्यांबरोबरच, साधारण आठ मिनिटं. झुकिनी शेवटची पाच मिनिटं, मटार तीन, पालक आच बंद केल्यावर. पालकाची पानं त्या उष्णतेतच मिनिटभरात बसतात. आंबट रसात हिरवा रंग फार वेळ टिकत नाही, फरसबी थोडी मळकट होणारच. रंग हवाच असेल तर ती वेगळी उकडून वाढताना घाला, पण घरच्या सूपसाठी एवढा खटाटोप मी करत नाही.

तरी सूप पातळ वाटलं तर कॉर्नफ्लोअरकडे हात नेऊ नका. त्याने सूप दाट दिसतं, पण चव तेवढीच राहते, उलट मंदावते. वाटीभर बटाटा आणि रस्सा बाहेर काढून ठेचा आणि परत घाला. पिठूळ जातीचा बटाटा यासाठी उत्तम. तुकडे अख्खे हवे असतील तर चिकट, मेणचट जातीचा घ्यावा, पण तो ठेचून दाटपणा येत नाही. मी दोन्ही प्रकार अर्धे अर्धे घेतो.

पास्ता किंवा भात घालायचा असेल तर वेगळा शिजवा आणि वाढताना वाडग्यात ठेवून वर सूप ओता. पातेल्यात शिजवलेला पास्ता पहिल्या वाढणीला छान लागतो, पण दुसऱ्या दिवशी त्याने सगळा रस पिऊन टाकलेला असतो आणि स्वतः फुगून लिबलिबीत झालेला असतो. बार्लीचं तसं नाही. ती आकार टिकवते आणि सूप छान दाट करते, पण तिला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात, म्हणून बटाट्याच्या पंधरा मिनिटं आधी स्टॉकमध्ये जायला हवी आणि स्टॉकही दोन-तीन वाट्या जास्त लागतो.

चव शेवटीच जुळवा. आच बंद करून पाच मिनिटांनी चाखा, कारण जीभ भाजणाऱ्या सूपची चव नीट कळत नाही. सपाट लागलं की सगळे आधी मीठ वाढवतात. मीठ पुरेसं असूनही सूप सपाट लागत असेल तर त्याला बहुधा आंबटपणा हवा असतो: एक-दोन चमचे लिंबाचा रस किंवा थोडं व्हिनेगर. टोमॅटो फार आंबट निघाले तर चिमूटभर साखर किंवा किसलेल्या गाजराची मूठ. ताजी पार्सली, मिरपूड आणि चांगल्या तेलाचे चार थेंब वाडग्यात वरून.

आता उरलेल्या सूपचं. दुसऱ्या दिवशी ते जास्त मुरलेलं लागतं, पण ठेवण्यात हयगय नको. मोठं पातेलं झाकून ओट्यावर रात्रभर ठेवलं तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो आणि जंतूंना तेवढंच हवं असतं. उथळ डब्यांत वाटून, शिजल्यापासून दोन तासांच्या आत 4 अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा. वर गोठलेली चरबी चमच्याने सहज उचलता येते, पण सगळी काढू नका, चव तिच्यातही असते. गरम करताना लागेल तेवढंच बाहेर काढा आणि 74 अंशांपर्यंत पूर्ण गरम करा, मात्र तेव्हाही खदखदू देऊ नका.

फ्रीझरमध्ये ठेवण्यासाठी मुद्दाम करत असाल तर बटाटा वगळा, तो गोठून वितळला की भुसभुशीत आणि पाणीदार होतो. त्यापेक्षा सोय म्हणजे दुप्पट खिम्याचे गोळे वळून, कच्चेच ताटात सुटे गोठवून, मग पिशवीत भरणं. दोन-तीन महिने चांगले राहतात. खिमा आधी गोठवून वितळवलेला असेल, तर तो फ्रीजमध्ये वितळवलेला हवा, ओट्यावर नव्हे. हे गोठलेले गोळे न वितळवता थेट सूपमध्ये सोडता येतात, फक्त पाच-सहाच्या टप्प्याने सोडा म्हणजे उकळी पार बसणार नाही, आणि वेळ पाच-सहा मिनिटं वाढवून मध्यभागचं तापमान बघा.